पोरीच्या शिबिराचा कागद आलाय, सही करू का?



दिवाळी झाली की मला एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "ताई, पोरीच्या कॉलेजातून कागद आलाय. सात दिवस कुठल्यातरी गावात राहायचं म्हणे. सही करू का नको?" मागच्या महिन्यात तर एका गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते बाजूला राहिले आणि अर्धा तास यावरच बोलणं झालं. एक मावशी म्हणाल्या, "सात दिवस पोरगी घराबाहेर? लग्न झाल्यावर जा म्हणावं, नवऱ्याबरोबर." सगळ्या हसल्या. त्यांची मुलगी कोपऱ्यात बसून बैठकीचं इतिवृत्त लिहून देत होती. ती हसली नाही. तिचं तोंड बघून मी ठरवलं की यावेळी आपल्या अंकात या विषयावरच लिहायचं.

आधी तो कागद काय आहे ते सांगते. सिनिअर किंवा ज्युनिअर कॉलेजातून येणारी बहुतेक शिबिरं राष्ट्रीय सेवा योजनेची असतात. पोरी तिला एनएसएस म्हणतात. ही केंद्र सरकारची योजना आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ती ३७ विद्यापीठांत सुरू झाली. नाव घातलेल्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, असं दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि त्यात एकदा सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, असा तिचा नियम. कॉलेजने एखादं गाव दत्तक घेतलेलं असतं, शिबिर तिथे होतं. छातीला लाल-निळा गोल बिल्ला लावलेली पोरं-पोरी तुमच्याही गावात कधी नाला साफ करताना दिसली असतील. त्या बिल्ल्यावरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, म्हणजे सेवेला चोवीस तास तयार. (आपल्या घरातल्या बायांना हा बिल्ला कधीच द्यायला पाहिजे होता, पण ते असो.)

या शिबिराच्या राहण्या-जेवणासाठी सरकारी अनुदान असतं, त्यामुळे फी नसते. अनुदान काही फार नसतं, म्हणून जेवण साधंच. कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर ते एनएसएसचं आहे का, हे आधी विचारा.

दिवस कसा जातो? पहाटे साडेपाचला उठवतात. प्रार्थना, व्यायाम, मग गावातून प्रभातफेरी. नाश्ता झाला की तीन-चार तास श्रमदान. त्यात शोषखड्डे, सलग समतल चर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा, नाहीतर गल्ली झाडणं. दुपारी जेवण, मग कुणाचं तरी व्याख्यान. संध्याकाळी घरोघर जाऊन सर्वेक्षण, नाहीतर खेळ. रात्री गाणी, नाटुकलं, आणि शेवटी उद्याची कामं कुणाला हे वाटून देणं. पोरींना शिबिर आवडतं ते श्रमदानासाठी नाही आणि व्याख्यानासाठी तर मुळीच नाही. ते या वाटपासाठी आवडतं. का ते पुढे सांगते.

मी पहिल्या शिबिराला गेले तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आजी म्हणाली, "शिकायला घातलीय का खड्डे खांदायला? खड्डे तर आपल्या रानातबी हायेत." वडील काहीच बोलले नाहीत, आणि आमच्या घरात काही न बोलणं म्हणजे नाही. माझी आई तेव्हा गटात होती, नुकतीच सही शिकली होती. तिने कागद मागवला, मला वाचून दाखवायला लावला आणि विचारलं, "हितं बापाची सही लागंल आसं लिहिलंय का?" लिहिलं नव्हतं. 'पालकाची सही' असं होतं. आईने अक्षरं जुळवत सही केली आणि वडिलांना संध्याकाळी सांगितलं. त्या संध्याकाळचं मी इथे लिहीत नाही. पण एवढं लक्षात ठेवा, पालक म्हणजे आईसुद्धा.

पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली, सतरंज्या, एका ओळीत बावीस मुली, आणि जानेवारीची थंडी. मी कधी घराबाहेर झोपले नव्हते, मामाच्या गावाचं सोडून. दुसऱ्या दिवशी टिकाव मारून तळहाताला फोड आले. घरी खुरपणी केलेली मी, तरी आले. शहरातल्या एका मुलीने हाताला स्वतःचा रुमाल बांधून दिला. ती आजही माझी मैत्रीण आहे.

तिसऱ्या दिवशी वाटपात माझं नाव दलप्रमुख म्हणून निघालं. आमच्या दलात अकरा जण, त्यात सहा मुलगे. टिकाव-फावडी मोजून घ्यायची, कामाचा तुकडा आखून द्यायचा, संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहून काय झालं ते सांगायचं. एक मुलगा म्हणाला, "तू सांगणार आणि आम्ही खांदणार?" मला उत्तर सुचलं नाही. मी फावडं घेऊन आधी स्वतः सुरुवात केली, थोड्या वेळाने तोही आला. रात्री माईकसमोर माझे पाय लटपटत होते आणि मी "आम्ही दोन चर पूर्ण केले" एवढंच बोलून बसले. गटाच्या पहिल्या बैठकीत स्वतःचं नाव सांगताना तुमच्यातल्या कितीजणींनी पदर तोंडावर घेतला होता? अगदी तसंच.

त्याच रात्री स्वयंपाकाची पाळी मुलांच्या दलाची होती. भाकरी थापता येईना म्हणून त्यांनी ती लाटण्याने लाटली, मग ती तव्यावर फुटली, आणि आम्ही ती डाळीत कुस्करून खाल्ली. एक मुलगा मोठं पातेलं राखेने घासत होता. मी ते उभं राहून बघत राहिले. माझ्या घरात दोन भाऊ आहेत. त्यांच्या हातात खरकटं ताट मी तोवर पाहिलं नव्हतं.

मला वाटतं शिबिराची खरी गोष्ट ही आहे. घरात कामं ठरलेली असतात, तुझं हे आणि त्याचं ते. शिबिरात रोज रात्री चिठ्ठ्या पडतात आणि कुणाच्याही वाट्याला काहीही येतं. सात दिवसांत पोरीला एकदा तरी पुढारी व्हावं लागतं, एकदा तरी बोलावं लागतं, आणि अनोळखी घराचं दार वाजवून "काकू, तुमच्याकडे संडास आहे का, बँकेत खातं आहे का" असं विचारावं लागतं. मी आज वही घेऊन तुमच्या दारात येते, ती सवय मला तिथे लागली.

सगळीच शिबिरं अशी असतात असं नाही. काही ठिकाणी हातात झाडू घेऊन फोटो निघतो आणि झाडू परत जातो. मेळाव्यांचं तर विचारू नका. युवती मेळावा, किशोरी मेळावा या नावाने दिवसभर पाहुण्यांचे सत्कार, शाली, नारळ, आणि पोरी मंडपात मागच्या बाजूला बिस्किटं खात बसलेल्या. पण मेळावा एका दिवसाचा असतो, संध्याकाळी पोरगी घरी येते. ज्या घरात शिबिराला लगेच होकार मिळणार नाही, तिथे मी आधी मेळाव्याला न्यायला सांगते. तिच्याबरोबर तुम्हीही या. तिथे पोरगी कशी वावरते ते बघा.

एनएसएसशिवायही बरंच काही आहे. राष्ट्र सेवा दल १९४१ पासून मुला-मुलींची शिबिरं घेतं. बाबा आमटेंनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती मे महिन्याच्या उन्हात भरते आणि राज्यभरातून पोरं-पोरी तिथे जातात. शाळेत असलेल्या मुलींसाठी गाईड आहे. तिची गोष्ट मला फार आवडते. १९०७ साली इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, त्यातून स्काऊट सुरू झालं. ते मुलग्यांसाठीच होतं. दोन वर्षांनी लंडनला मुलांचा मोठा मेळावा भरला, तर काही मुली आपणहून गणवेश घालून तिथे हजर झाल्या, आम्हालाही घ्या म्हणून. बोलावणं नव्हतं. १९१० मध्ये त्यांच्यासाठी गाईड चळवळ उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षी ती भारतात, जबलपूरला पोचली. जगभरच्या गाईड मुलींची जी पाच केंद्रं आहेत, त्यातलं 'संगम' हे आपल्या पुण्यात आहे, १९६६ पासून. तुमच्या मुलीच्या शाळेत गाईडचं पथक आहे का ते विचारा. पुष्कळदा ते कागदावर असतं आणि विचारणारं कुणी नसतं.

आता माझी चूक सांगते.

तीन वर्षांपूर्वी मी नवीन होते आणि माझ्या डोक्यात माझं ते शिबिर होतं. एका संस्थेने किशोरींचं चार दिवसांचं शिबिर ठेवलं. मी घरोघर जाऊन आयांना पटवलं, नऊ मुली पाठवल्या. "मी आहे ना," असं मी प्रत्येकीला म्हणाले. पण मी स्वतः आदल्या दिवशी जागा बघायला गेले नव्हते. तिथे पन्नासच्या वर मुली आणि दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही. पाणी हौदातून बादलीने आणायचं. अंधारात जायला नको म्हणून मुलींनी संध्याकाळनंतर पाणी प्यायचंच सोडलं. घरी आल्यावर एका मुलीला लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, दवाखान्यात न्यावं लागलं. ती बरी झाली. तिची आई मला काही बोलली नाही, उलट चहा केला. पण पुढच्या वर्षी त्या गावातून एकही मुलगी कुठेच गेली नाही. चांगल्या शिबिरालाही नाही. मला आजही त्या गल्लीत शिरताना अवघडल्यासारखं होतं.

म्हणून आता मी "पाठवा हो, काही होत नाही" असं म्हणत नाही. आधी विचारा, असं म्हणते. आणि विचारायला लाजू नका. बँकेच्या साहेबाला व्याजाचा दर विचारता की नाही? तसंच सरांना विचारायचं.

पहिलं संडासचं. मुलींना वेगळा आहे का, किती मुलींमागे किती, आतून कडी लागते का, दिवा आहे का, पाणी आहे का. हे वाचायला बारीक वाटतं, पण माझ्या अनुभवात शिबिर बिघडतं ते इथेच. मग रात्रीचं. मुली कुठे झोपणार, मुलगे कुठे, आणि मुलींच्या खोलीत किंवा शेजारी बाईमाणूस कोण मुक्कामी असणार. नुसतं "मॅडम आहेत" हे उत्तर पुरत नाही. काही मॅडम दिवसा येतात आणि संध्याकाळच्या एसटीने घरी जातात. त्यांचं नाव आणि नंबर लिहून घ्या आणि जायच्या आधी एकदा फोन करून बोला. जवळचा दवाखाना कुठे, गाडी कोणती, हेही विचारा. शिबिर नदी, तलाव किंवा किल्ल्यावर असेल तर पाण्यात उतरायला देणार का, सोबत माहीतगार कोण, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. ट्रेकिंगला नेणाऱ्या खाजगी मंडळींसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण केलं आहे. त्यांना पर्यटन विभागाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

पाळीचं बोलूया. २०१८ मध्ये अस्मिता योजना आली तेव्हा आपल्या गटांनीच गावोगाव पॅड विकले, तेव्हा आता लाजायचं कारण नाही. तारीख जवळ असो नसो, पिशवीत पॅड किंवा स्वच्छ कपडा, दोन जास्तीच्या चड्ड्या आणि जुने वर्तमानपत्र द्याच. जागा बदलली, थंडी-दगदग झाली की तारीख मागेपुढे होते. पॅड टाकायची सोय काय, हे मॅडमना विचारा. पोट दुखत असेल तर त्या दिवशी टिकाव न घेता सर्वेक्षणाची वही घ्यायची, हे मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती दात-ओठ खाऊन खणत राहील. मी राहिले होते. आणि पाणी भरपूर प्यायचं, हे तीनदा सांगा.

आता जे कुणी उघड बोलत नाही ते. आयांना भीती असते ती अनोळखी माणसाची, रस्त्याची, अंधाराची. त्रास बहुतेक वेळा ओळखीच्याकडून होतो, एखाद्या 'दादा'कडून, 'सरां'कडून. कॉलेजात असताना एका मेळाव्यात एक मोठा कार्यकर्ता आम्हा मुलींचे नंबर घेत होता, फोटो पाठवतो म्हणून. मग रात्री अकराला त्याचे मेसेज, "झोपलीस का?" आम्ही दोन दिवस एकमेकींना सांगितलंच नाही, प्रत्येकीला वाटलं आपलंच काही चुकलं. तिसऱ्या दिवशी एकीने सांगितलं आणि चौघींनी आपापले फोन काढले. मेसेज अक्षरशः सारखे होते. आम्ही मॅडमकडे गेलो. त्यांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं आणि सगळ्यांसमोर का पाठवलं तेही सांगितलं, आमची नावं न घेता. त्या मॅडमनी ते दाबलं असतं तर मी पुन्हा कुठल्या शिबिराला गेले नसते, आणि घरी तर कधीच सांगितलं नसतं.

त्यामुळे पोरीला जायच्या आधी एवढं सांगा की काही झालं, कुणी काही बोललं, हात लावला, तर मला सांग, मी तुझं शिबिर, तुझं कॉलेज बंद करणार नाही. हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मुली गप्प राहतात त्या या भीतीनेच, की आईला कळलं तर दार बंद होईल. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि त्यात तक्रार करणं शाळा-संस्थेला टाळता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर, १८१ महिलांसाठी, ११२ तातडीच्या मदतीला. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, शाळेत सखी सावित्री समिती. नंबर मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून द्या, कारण फोनची बॅटरी संपते. कित्येक शिबिरांत फोन जमाही करून घेतात. त्यात वाईट काही नाही, पण मग घरी बोलायला रोज एक ठरलेली वेळ द्या, असं सरांना सांगा.

एक अडचण मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसते. शिबिरं असतात डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हाच आपल्याकडची घरं ऊसतोडीला गेलेली असतात. मागे राहते ती म्हातारी, बारकी भावंडं आणि कॉलेजातली पोरगी. तिने सात दिवस गेलं तर चुलीवर कोण बसणार, शेळी कोण सोडणार? गेल्या वर्षी एका गटाने यावर जे केलं ते मला आवडलं. दोन भावंडं एकीकडे जेवली, शेळ्या दुसरीने सांभाळल्या, आजीच्या गोळ्या तिसरीने दिल्या. ठराव वगैरे काही नाही, बैठकीतच वाटून घेतलं. पोरगी जाऊन आली. आल्यावर तिने त्या तिघींच्या नातवंडांना आठवडाभर शिकवणी दिली, ती कुणी मागितली नव्हती.

आणि लोक? लोक बोलतात. "कुठं गेली होती ओ तुमची?" असं विचारतात, आणि त्या 'कुठं'मध्ये सगळं असतं. माझ्या आईने तेव्हा एक युक्ती केली होती. शिबिराचं प्रमाणपत्र तिने दाराजवळच्या भिंतीवर, गटाच्या फोटोशेजारी लावलं. विचारणारा यायचा, ते वाचायचा, आणि दुसरंच काहीतरी बोलायचा.

सुरुवातीला ज्या मावशींचं सांगितलं, त्या गेल्या रविवारी गटातल्या दोघींना घेऊन शिबिराची शाळा बघून आल्या. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. मुलींच्या संडासाला कडी नव्हती. त्यांनी तिथल्या सरपंचबाईंना गाठून सांगितलं, आणि परवा कडी बसल्याचा फोटो माझ्या फोनवर आला. सही अजून झालेली नाही. "मुक्कामाच्या मॅडमशी बोलणं व्हायचंय," असं मावशी म्हणतात. कागद द्यायची शेवटची तारीख शुक्रवार आहे, मॅडमचा नंबर मी त्यांना दिलाय.